मुलांसाठी जादूचे प्रयोग: मुलीने हा व्यवसाय करावा का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी कराडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गेले दीड वर्ष ती ओळखीच्यांच्या वाढदिवसांना जादूचे प्रयोग करते आहे आणि आता पदवी अर्धवट सोडून पूर्णवेळ लहान मुलांची जादूगार व्हायचे असे तिने घरात जाहीर केले आहे. जादूगार सुहानी शाह यांनी शाळा लहानपणीच सोडली आणि तरीही देशभर नाव मिळवले, हा तिचा युक्तिवाद आहे. ‘यावर पोट भरेल का, आणि उद्या स्थळे पाहताना मी काय सांगू’, हा आपला प्रश्न आहे. त्यातील दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्या अर्ध्याविषयी लिहितो.

सुहानी शाह १९९७ साली, वयाच्या सातव्या वर्षी रंगमंचावर उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्या मुलीच्या वयाच्या झाल्या तेव्हा त्यांच्या गाठीशी बारा वर्षांचे प्रयोग होते. तुलना करायचीच असेल तर सोडलेल्या शाळेशी न करता या बारा वर्षांशी करावी, एवढे तिला माझ्या वतीने सांगावे.

मुलांसमोरच्या जादूत हातचलाखीचा वाटा लोकांना वाटतो त्याहून बराच कमी असतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका सोसायटीच्या सभागृहात मी एका नातेवाइकाच्या मुलाच्या वाढदिवसाला गेलो होतो. केक यायला उशीर झाला होता, तीस-पस्तीस मुले सतरंजीवर रांगत होती आणि जादूगाराने रुमाल नाहीसा करताच पुढच्या रांगेतला एक पाच वर्षांचा मुलगा ओरडला, ‘त्याच्या खिशात आहे!’ जादूगाराने खिसा बाहेर काढून दाखवला, मग दुसरा, मग त्या मुलालाच गंभीरपणे ‘साहेब, झडती घ्या’ म्हणाला. पुढची पाच मिनिटे जादू बाजूला राहिली आणि सगळे सभागृह हसत होते. त्यानंतर पुढे बोलावलेली एक चिमुरडी रडवेली झाली, तेव्हा तो स्वतः गुडघ्यांवर बसला, तिच्या हातात छडी दिली आणि तिला तिच्या आईच्या मांडीवर बसूनच ती फिरवायला सांगितली. रुमाल कोठे गेला ते मला तेव्हाच कळले होते (मी खुर्चीच्या चुकीच्या बाजूला बसलो होतो), पण त्याने मुलांना ज्या रीतीने सांभाळले ते मला आजही जमणार नाही. आपल्या मुलीला हे जमते का, हे आपण तिच्या एखाद्या प्रयोगाला मागच्या रांगेत बसून पाहिले आहे का? पत्रावरून तसे वाटत नाही.

महाराष्ट्रात ही कला बहुतांशी घराण्यांतून पुढे गेली आहे. पुण्यात जादूगार रघुवीर यांच्या घरात ती तिसऱ्या पिढीपर्यंत आली. बोलक्या बाहुल्यांचेही तसेच: यशवंत पाध्ये यांच्या ‘अर्धवटरावां’ना पुढे रामदास पाध्ये आणि मग सत्यजित पाध्ये यांनी बोलते ठेवले. अशा घरातल्या मुलाला प्रयोगाची पेटी कशी भरावी, आयोजकाशी कसे बोलावे, प्रयोग फसला तर काय करावे, हे जेवता-जेवता कळते. आपल्या घरात ते नाही, म्हणून तिला गुरू शोधावा लागेल. तिरुवनंतपुरम येथे गोपीनाथ मुतुकाड यांनी उभारलेली मॅजिक अकॅडमी आहे, परंतु माझ्या मते आधी सांगली-कोल्हापूर परिसरातील एखाद्या कामकरी जादूगाराकडे वर्षभर पेट्या उचलाव्यात आणि त्याच्या बरोबरीने बालनाट्याच्या एखाद्या कार्यशाळेत आवाजावर काम करावे. बोलक्या बाहुल्या किंवा फुग्यांचे प्राणी यांपैकी एक जोडकला हाताशी असली, तर तासाभराचा कार्यक्रम एकट्याने पेलता येतो.

आता पोटाचा प्रश्न. या व्यवसायात ठरलेला दर नाही, हंगाम मात्र आहे. गणेशोत्सव, डिसेंबर-जानेवारीतील स्नेहसंमेलने आणि मे महिन्याची शिबिरे भरलेली असतात. पितृपक्षात आणि परीक्षांच्या दिवसांत फोन वाजत नाही. समजा, वर्षातील पाच महिने तिला दरमहा ८ आणि उरलेले सात महिने दरमहा २ कार्यक्रम मिळाले, तर ते ५४ होतात. प्रत्येकी ४,००० रुपये धरले तर २,१६,००० रुपये येतात. त्यातून प्रवास, साहित्य आणि मदतनीस यांचे मिळून दर कार्यक्रमाला १,२०० रुपये वजा केले की वर्षाला १,५१,२०० रुपये, म्हणजे महिन्याला १२,६०० रुपये उरतात. हे आकडे माझे गृहीतक आहेत. आपण तिच्या खऱ्या आकड्यांनी ते बदलावेत. कार्यक्रम ठरताच निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची सवय तिने आजच लावून घ्यावी, कारण वाढदिवस पुढे ढकलला गेला की ओळखीचे लोकच पैशांचा विषय टाळतात.

कबुतर किंवा ससा वापरण्याचा तिचा विचार आपण लिहिला आहे. प्रयोगात प्राणी वापरायचे तर २००१ च्या नियमांप्रमाणे भारतीय पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. नवख्या कलावंताने या वाटेला जाऊच नये, कापडी ससा मुलांना तितकाच आवडतो. मुलांजवळ आगीचे प्रयोग करू नयेत, मुलाला पुढे बोलावताना पालक दिसतील असे उभे करावे, आणि मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आणखी एक: ‘माझ्याकडे शक्ती आहे’ असे तिने गमतीतही म्हणू नये. दाभोलकरांच्या चळवळीचे कार्यकर्ते ज्या राज्यात शाळांतून हेच प्रयोग ‘ही हातचलाखी आहे’ असे सांगून दाखवत आले, तेथे मुलांच्या जादूगाराने तरी त्याच्या उलट जाऊ नये.

पदवी सोडू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्याचे कारण आपल्याला वाटते ते नाही. बी.कॉम.मध्ये ती जो हिशेब शिकते आहे त्याचीच या धंद्यात बहुतेकांकडे वानवा असते, आणि कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी संध्याकाळी असल्याने कॉलेज आड येत नाही. उरलेले दीड वर्ष तिने एक वही ठेवावी: तारीख, ठिकाण, मुलांचे वय, मिळालेली रक्कम, झालेला खर्च, आणि ते बोलावणे ओळखीतून आले की आधीचा प्रयोग पाहून आले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. अनोळखी घरांतून येणारी बोलावणी वाढत असतील, तर पदवीनंतर दोन वर्षे तिला पूर्णवेळ द्यावीत आणि त्या काळात घरखर्चाला तिच्याकडून काही मागू नये. ती वाढत नसतील, तर तिने शाळेत किंवा बालवाडीत नोकरी पाहावी आणि कार्यक्रम सुटीच्या दिवशी करावेत; अशी माणसे मी पाहिली आहेत आणि ती दुःखी नाहीत.

येत्या गणेशोत्सवात तिचा कार्यक्रम असेल तर आपण मागे बसून तो पूर्ण पाहावा. कितव्या मिनिटाला मुले उठून पळू लागतात, ते घड्याळ लावून टिपावे आणि मला कळवावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक