त्यानं तुम्हाला दात घासताना पाहिलंय का?

प्रिय ताई,

माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, सीनिअर केजीत जातो. दात घासणं आणि हात धुणं यावरून आमच्याकडे रोज रडारड असते. खेळून आला की तसाच सोफ्यावर, तसाच हात खाऊच्या डब्यात. मी सगळे उपाय करून पाहिले. फ्रिजवर तक्ता लावला, रोज एक स्टिकर. चार दिवसांत त्यातली गंमत संपली. कार्टूनचा ब्रश आणला, स्ट्रॉबेरीची पेस्ट आणली. जंतूंचे व्हिडिओ दाखवले तर रात्री दचकून उठायला लागला. दिवसातून पन्नासदा "हात धुतलेस का?" विचारते, तो बेधडक "हो" म्हणतो आणि हात कोरडेच असतात. मी नोकरी करते. पहाटे पाचला उठून माझं सगळं आवरून घेते, मग डबे, मग त्याला उठवते. रात्री तो झोपला की ओटा आवरून, दात घासून आडवी होते. नवऱ्याचं या गोष्टींकडे लक्ष नसतं. गावाहून सासूबाई आल्या की आणखीच बिघडतं. त्यांच्यामागे बाथरूममध्ये जाऊन पाय धुण्याचा खेळ करतो आणि अर्धी बादली सांडतो. परवा दाताच्या डॉक्टरांनी दोन दाढा किडल्याचं सांगितलं. ऐकून रडूच आलं. त्याला शिस्त कशी लावू?

– एक आई, पिंपरी

*

तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी अडले. तक्ता, पेस्ट, व्हिडिओ हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि मध्येच, जाता जाता, "पहाटे पाचला उठून माझं सगळं आवरून घेते." रात्रीचंही तसंच. तो झोपला की मग तुमचे दात घासून होतात.

म्हणजे सकाळी तो डोळे उघडतो तेव्हा आईचं तोंड धुतलेलं असतं, वेणी झालेली असते, कुकरच्या दोन शिट्ट्याही झालेल्या असतात. साडेपाच वर्षांत त्यानं तुम्हाला दात घासताना किती वेळा पाहिलंय? आठवून बघा. मला वाटतं, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्याच्या घरात दात घासणारा माणूस एकच आहे, तो स्वतः. मोठी माणसं हे करत नाहीत, फक्त त्याला करायला लावतात, असंच त्याला दिसतं. मग तो का करील?

आता तुमच्या सासूबाईंकडे या. तुम्ही ज्याला खेळ म्हणालात, तो मला तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला भाग वाटला. त्या कशा पाय धुत असतील हे मी न बघताही सांगू शकते. बाहेरून आल्या की पिशवीही खाली ठेवायच्या आधी थेट आत. एका हातानं साडी जराशी वर, दुसऱ्या हातात तांब्या. आधी घोट्यावर पाणी, मग एका पायाच्या टाचेनं दुसऱ्या पायाचा तळवा खसाखसा चोळायचा, मग उलट. शेवटी पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट दाबून बाहेर. आयुष्यभर हेच केलंय, त्यामुळे त्यात कसला गाजावाजा नाही. तुमचा मुलगा शेजारी उभा राहून टाचेवर टाच घासतो ना? पुढच्या वेळी बघा, घासत असेल. त्यांनी त्याला "पाय धुतलेस का?" असं विचारल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. तक्ताही लावलेला नाही. आणि ज्या मुलाला धुण्याचं नाव काढलं तरी रडू येतं असं तुम्ही लिहिता, तोच मुलगा आपणहून पाणी ओतून घेतो. अर्ध्या बादली पाण्याचं तुम्हाला वाईट वाटलं, याचंच मला वाईट वाटलं.

मुलं असंच उचलतात, आणि चांगलं तेवढंच उचलतात असं नाही. माझी आजी मिश्री लावायची. आठवड्यातून एकदा तव्यावर तंबाखू भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग ती काळी पूड बारीक करून पत्र्याच्या डबीत भरायची. सकाळी उंबऱ्यावर बसून बोट दातांवरून फिरवत, डोळे अर्धे मिटून, गप्प. मी सहा वर्षांची असेन. तिच्याशेजारी बसून चुलीतली राखुंडी दातांना लावायचे, आणि माझेही डोळे अर्धे मिटलेले असायचे! ते मिटायला मला कुणी शिकवलं होतं? माझ्या धाकट्या आत्यानं मात्र राखुंडीवर भागवलं नाही, तिनं आजीचीच डबी उचलली. ती सवय पन्नाशीपर्यंत सुटली नाही, हिरड्या गेल्या तरी नाही. आजी तिला रोज ओरडायची, "तू लावू नकोस गं." डबी कमरेला खोचूनच ओरडायची.

गाडगेबाबा गावात आले की दिवसभर हातात खराटा असायचा. कीर्तन रात्री. दिवसभर झाडताना ज्यांनी त्यांना पाहिलं, तेच लोक रात्री ऐकायला बसायचे. तुमच्या घरी सकाळ-संध्याकाळ नुसतं कीर्तन चालू आहे, आणि खराटा मारायचा तो पहाटे पाचच्या अंधारात, कुणी बघत नसताना.

म्हणून माझं सांगणं एवढंच. उद्या पहाटे ब्रशला हात लावू नका. चूळ भरा, चहा घ्या, डबे करा. त्याला उठवलं की त्याच्याबरोबर बेसिनपाशी जा आणि त्याच्याशेजारी उभं राहून तुमचे दात घासा. त्याच्याकडे बघू नका, सूचना देऊ नका, आरशात बघून फेस काढा. रात्रीही तेच, तो झोपायच्या आधी. ओटा नंतर.

पहाटेची ती दहा मिनिटं घरात फक्त तुमची असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणी हाक मारत नाही, पाण्याचाही आवाज आपलाच. त्यातलीच थोडी मी मागतेय. चहाची ठेवा, ती तुमचीच. ब्रशची मुलाला द्या.

पहिले तीन-चार दिवस तो नुसता बघत उभा राहील, कदाचित रडेलही. राहू द्या. त्याचा हात नळापर्यंत पोचतो का, हे मात्र आजच बघा. मोठ्यांच्या उंचीच्या बेसिनवर पोरं लोंबकळतात, बाहीतून पाणी कोपरापर्यंत जातं आणि त्या गारठ्यालाच ती कंटाळतात. प्लास्टिकचं एक ठेंगणं स्टूल आणा. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. त्याचं घासून झालं की शेवटी तुम्ही एकदा त्याच्या दातांवरून ब्रश फिरवा, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांचा हात मागच्या दाढांवर नीट वळत नाही.

आणि त्या किडलेल्या दाढा. रडून झालं असेल तर डॉक्टरांची पुढची वेळ घ्या. "दुधाचेच दात, पडणारच आहेत" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. दुधाच्या दाढा साधारण दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, त्यांच्यावरच त्याला इतकी वर्षं चावायचंय. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं घरात कळतही नाही आणि पुष्कळ आया तिला दुधाचीच समजतात. तुमच्या मुलाची ती येऊ घातलीय. ती एकदाच येते.

हातांचंही तसंच. "हात धुतलेस का?" हा प्रश्न आजपासून बंद. या प्रश्नानं त्याला हात धुणं शिकवलं नाही, "हो" म्हणणं शिकवलं. तो खोटारडा नाही, "हो" म्हटलं की आई गप्प होते एवढं त्याला कळलंय. मराठीत आपल्याकडे किती छान शब्द आहे, "आपण". "चल, आपण हात धुऊ या." ऑफिसातून आलात की पर्स खांद्यावर असतानाच त्याचा हात धरून बेसिनपाशी जा. साबण लावून वीस सेकंद तरी चोळायचं: पंज्याची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं. अंगठा सगळेच विसरतात, तुमचाही राहतो का बघा.

जंतूंचे व्हिडिओ मात्र बंदच करा. इतकं लहान मूल घाबरून रात्री उठत असेल, तर ती शिकवण नव्हे. त्याला दाखवायचंच असेल तर पोळीला तूप लावून झाल्यावर तुमचा हात नुसत्या पाण्याखाली धरा. पाण्याचे थेंब ओघळून जातात, बोटं बुळबुळीतच. मग साबण लावा आणि त्याला बोट फिरवून बघायला सांगा, कसं करकर वाजतं. हातावरची घाण अशीच तेलकटपणाला धरून बसते, साबण तिला सोडवतो आणि मग पाणी वाहून नेतं. एवढं त्याला पुरेसं आहे.

नवऱ्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, मीही एकच लिहिते: त्यांचा ब्रशही त्याच वेळी, त्याच बेसिनवर आला पाहिजे, आणि हे त्यांना आज रात्री जेवताना सांगा.

सासूबाई पुढच्या वेळी आल्या की बाथरूममध्ये आणखी एक तांब्या ठेवा, तुमच्यासाठी. संध्याकाळी घरी आलात की चपला काढून तशाच आत जा आणि त्या दोघांच्या शेजारी उभ्या राहा. पाणी सांडेल. नंतर त्याच्या हातात फडकं द्या, दुसरं तुम्ही घ्या.