पीआरच्या रिपोर्टमध्ये 'इतक्या लाखांची पब्लिसिटी' हा आकडा कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की कलंगुटच्या एका रिसॉर्टचं पीआर म्हणजे प्रसिद्धीचं काम बघता आणि मालकाला दर महिन्याला 'किती लाखांची पब्लिसिटी झाली' ते हवं असतं. काढता येतो आकडा, पण मी म्हणेन नका काढू. मीही पणजीत याच धंद्यात आहे.

हिशोब असा, बातमी 20 सेंमी उंच नि 3 कॉलम म्हणजे 60 कॉलम सेंमी, गुणिले त्या पेपरचा जाहिरातीचा दर, समजा कॉलम सेंमीला 200 रुपये, झाले 12 हजार, वर काही एजन्सीवाले 'बातमीवर लोक जास्त विश्वास ठेवतात' म्हणत परत तिनाने गुणतात, आले 36 हजार. आता उद्या तुमच्या पूलमध्ये कोणी बुडालं आणि फोटोसकट अर्धं पान छापून आलं तर याच हिशोबाने तो महिना वर्षातला सगळ्यात भारी! शिवाय रेट कार्डाच्या, म्हणजे पेपरने छापलेल्या दराने जाहिरात देतो कोण, सगळे घासाघीस करतात. ॲमेक ही पीआरचं मोजमाप करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या 2010 च्या बार्सिलोना परिषदेत तत्त्वं ठरली त्यातच साफ म्हटलंय की जाहिरातीचा दर म्हणजे पीआरची किंमत नव्हे. तरी चालतंय, कारण आकडा मोठा दिसतो, मालक खूश आणि एजन्सीचा रिटेनर, म्हणजे महिन्याची ठरलेली फी, चालू.

आधी मालकाला विचारा, बदलायला काय हवंय. पावसाळ्यात रूम्स भरायच्या तर गेस्ट येणार पुणे, कोल्हापूर, बेळगावहून, ते थोडेच म्हापशात वाटला जाणारा पेपर वाचतात? लोकल पेपरचा फायदा नाही असं नाही, कचऱ्यावरून गावाशी वाजलं असेल तर खूपच आहे, पण मग मोजायचं गावात, ग्रामसभेत तुमचा विषय निघतो का आणि कुठल्या सुरात.

गेस्टचं म्हणाल तर रिसेप्शनवर 'आमच्याबद्दल कुठून कळलं' विचारायला लावा. फक्त रिकामी जागा ठेवू नका, पोरं सगळ्यांपुढे 'इंटरनेट' लिहून मोकळी होतात. पेपर, रील, ओळखीचं कोणी, बुकिंग साईट, आधी येऊन गेलो, असे पर्याय छापा. आणि हे बातमी यायच्या आधीपासून सुरू करा हं, नाहीतर नंतरचे आकडे ताडून बघणार कशाशी? सांजाव (जूनमधला गोव्याचा सण) किंवा शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की रूम्स तशाही भरतात, ते दिवस वेगळे काढा.

मालक अगदीच हट्टाला पेटला तर तो लाखांचा आकडा शेवटच्या पानावर टाका, बारीक अक्षरात.