विश्वास नसलेल्या दोन महासत्ता शस्त्रकपातीचा करार करतात कशा?

तुमचा प्रश्न असा आहे की, अमेरिका आणि सोव्हिएत संघाचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता, मग त्यांनी शस्त्रं कमी करायचे करार केले कसे आणि पाळले कसे?

मी बावीस वर्षं चाकणजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करतोय. राजकारण हा माझा विषय नाही. पण यातल्या एका कराराविषयी मिळेल ते वाचत आलो, कारण त्यात माझ्या रोजच्या कामाचाच प्रश्न आहे: फाटकातून बाहेर पडणारा माल कोणी तपासायचा, कशानं आणि कितीदा.

तो म्हणजे आयएनएफ, मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरचा करार. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी ८ डिसेंबर १९८७ला वॉशिंग्टनमध्ये त्यावर सह्या केल्या. ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागायची सगळी क्षेपणास्त्रं मोडीत काढायची, असं ठरलं. १ जून १९९१पर्यंत एकूण २,६९२ नष्ट झाली; सोव्हिएत संघाची १,८४६ आणि अमेरिकेची ८४६. सोव्हिएत बाजूनं दुपटीहून जास्त सोडली हे लक्षात घ्या.

इथवर यायला सहा वर्षं लागली आणि ती सरळ गेली नाहीत. जुलै १९८२मध्ये अमेरिकेचे वाटाघाटी करणारे पॉल नित्झे आणि सोव्हिएत बाजूचे युली क्वित्सिन्स्की जिनिव्हाजवळच्या डोंगरात फिरायला गेले. तिथं दोघांनीच बसून एक तोडगा काढला: युरोपात दोघांनी पंचाहत्तर-पंचाहत्तर प्रक्षेपक, म्हणजे क्षेपणास्त्र डागायची वाहनं, ठेवायचे आणि अमेरिकेनं पर्शिंग-२ हे आपलं क्षेपणास्त्र तिथं आणायचंच नाही. दोन्ही राजधान्यांनी तो फेटाळला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पर्शिंग-२ पश्चिम जर्मनीत पोहोचली आणि सोव्हिएत प्रतिनिधी चर्चेतून उठून गेले. ऑक्टोबर १९८६मध्ये आइसलँडमधल्या रेक्याविकला रेगन-गोर्बाचेव भेट झाली, तीही अमेरिकेच्या अंतराळातल्या संरक्षण यंत्रणेच्या मुद्द्यावर मोडली. पण त्या मोडलेल्या भेटीतही मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर दोघं बरेच जवळ आले होते. फेब्रुवारी १९८७मध्ये गोर्बाचेवनी हा विषय अंतराळाच्या वादापासून सोडवून घेतला, आणि गाडी पुढं सरकली. फसलेल्या बैठकीतलं काम वाया जात नाही, हे मला यात फार मोलाचं वाटतं.

आता खरा मुद्दा, तपासणी. सोव्हिएत संघानं कित्येक वर्षं परक्या माणसाला लष्करी कारखान्याच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. गोर्बाचेवनी अशी तपासणी मान्य केली, तेव्हा गंमत अशी झाली की कुठंही, केव्हाही तपासणी हवी म्हणणारी अमेरिकाच मागं सरली. तेच तपासनीस आपल्याही कारखान्यांत येणार, हे तिच्या ध्यानात आलं. मग मधला मार्ग निघाला.

वोत्किन्स्क हे उराल भागातलं गाव, संगीतकार चायकोव्स्कीचं जन्मगाव. परदेशी माणसाला बंद. तिथल्या कारखान्यात एसएस-२० ही करारानं बंदी घातलेली सोव्हिएत क्षेपणास्त्रं जोडली जात. जुलै १९८८पासून त्या कारखान्याच्या फाटकाबाहेर अमेरिकन तपासनीस राहायला आले, एका वेळी तीसपर्यंत. तसेच सोव्हिएत तपासनीस युटा राज्यातल्या मॅग्नाच्या कारखान्यापाशी. हे तेरा वर्षं चाललं.

अडचण अशी होती की वोत्किन्स्कमध्ये एसएस-२५ हे कराराच्या कक्षेबाहेरचं, म्हणजे बनवायला मुभा असलेलं क्षेपणास्त्रही बनत होतं, आणि त्याचा एक टप्पा, म्हणजे रॉकेटचा एक भाग, बाहेरून एसएस-२०च्या टप्प्यासारखाच दिसे. क्षेपणास्त्र बंद नळकांड्यात घालून बाहेर पडायचं; मग आत नेमकं काय आहे? त्यासाठी बाहेर पडणारी वाहनं मापायची, वर्षातून आठ नळकांडी उघडून बघायचा हक्क, आणि आतलं दाखवणारं क्ष-किरण यंत्र. आमच्याकडंही असंच चालतं. प्रत्येक पेटी फोडून बघत नाही, पण कुठली फोडू हे डिस्पॅचवाल्याला आधी माहीत नसतं. त्यामुळं सगळ्याच पेट्या नीट भरल्या जातात.

मार्च १९९०मध्ये हे क्ष-किरण यंत्र कसं वापरायचं यावरून तंटा झाला आणि तीन क्षेपणास्त्रं न तपासता बाहेर गेली. अमेरिकेनं आक्षेप घेतला, चर्चा झाली, कार्यपद्धती ठरली, तपासणी पुन्हा सुरू झाली. करार मोडला नाही, कारण भांडण कुठं नेऊन सोडवायचं हे करारातच लिहिलेलं होतं. दोघांची एक कायमची समिती होती. मला विचाराल तर तणाव कमी करणारी मुत्सद्देगिरी ती हीच. सह्यांच्या समारंभापेक्षा मला ते फाटकाबाहेरचे तीस जण जास्त महत्त्वाचे वाटतात.

पाळले का, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. तपासणी होती तोवर पाळले. मे २००१च्या अखेरीस ती मुदतीप्रमाणं संपली, करार मात्र चालू राहिला. २०१४मध्ये अमेरिकेनं रशियावर उल्लंघनाचा आरोप केला, पुढं ९एम७२९ या क्षेपणास्त्राचं नावही घेतलं. तोवर जाऊन बघायचा हक्कच उरला नव्हता. जानेवारी २०१९मध्ये रशियानं मॉस्कोजवळ त्याचा प्रक्षेपक आणि नळकांडं मांडून दाखवलं. अमेरिकन आलेच नाहीत. त्यांचं न येणं मला चुकीचं वाटतं, पण कारण कळतं. पुरवठादारानं स्वतः निवडून आणलेल्या नमुन्यावर मीही लॉट पास करत नाही. त्याच वर्षी २ ऑगस्टला करार संपला.

अमेरिका आणि रशियातल्या मोठ्या पल्ल्याच्या अण्वस्त्रांवरच्या न्यू स्टार्ट करारात वर्षाला अठरा प्रत्यक्ष तपासण्या होत्या. मार्च २०२०मध्ये कोरोनामुळं थांबल्या, त्या परत सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३मध्ये रशियानं आपला सहभाग स्थगित केला, आणि ५ फेब्रुवारी २०२६ ही त्या कराराची शेवटची तारीख होती. तुम्हाला या विषयात पुढं वाचायचं असेल, तर नेत्यांच्या भाषणांआधी तपासणीची कलमं वाचा. किती माणसं, किती दिवसांच्या सूचनेवर, काय उघडून बघू शकतात, एवढं पाहिलंत की करार किती टिकेल याचा अंदाज यायला लागतो.