स्क्रिप्ट एडिटरच्या बाहेरच ठेव

अगं, तुझा मेसेज वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मंडळाच्या सभासद यादीत कुणी जन्मतारीख ५/३/९८ टाकलीय कुणी ०५-०३-१९९८, काही आकडे मराठीत काही इंग्रजीत, ते सरळ करायला तू व्हीएस कोड एडिटरचं एक्स्टेंशन, म्हणजे त्याला जोडायचा पुरवणी प्रोग्राम, लिहायला घेतलंस, मग ऑफिसातला सीनियर म्हणाला ईमॅक्स एडिटर शीक, भाऊ म्हणतो विम एडिटर, आणि आता विचारतेस दादा कुठलं शिकू. कुठलंच नको! आधी स्क्रिप्ट लिही, म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्राम. स्टँडर्ड इनपुटवरून, म्हणजे बोलावणारा जिथून देतो तिथून, मजकूर घ्यायचा, दुरुस्त करून स्टँडर्ड आउटपुटवर, म्हणजे त्याच्याकडेच परत, सोडायचा, बास. पायथॉन येतंच तुला, त्याचं इंट, म्हणजे मजकुरातून संख्या करणारं फंक्शन, मराठी आकडेसुद्धा सरळ वाचतं. आपल्याला कोणत्या एडिटरने बोलावलंय हे स्क्रिप्टला कळताच कामा नये.

मग जोडणं किरकोळ आहे. विममध्ये ओळी सिलेक्ट करून कोलन, उद्गारचिन्ह, स्क्रिप्टचं नाव. ईमॅक्समध्ये कंट्रोल-यू, मग ऑल्ट आणि उभी रेघ. व्हीएस कोडला त्यासाठी छोटं एक्स्टेंशन लागतं, टाक खुशाल, पण त्याने फक्त मजकूर पोचवायचा, अक्कल स्क्रिप्टमध्येच राहू दे. एक बघ, विम अर्धी ओळ निवडली तरी पूर्ण ओळ पाठवतं, आणि लिनक्सवर स्क्रिप्ट फुटली तर यादीच्या जागी एररचा मजकूर येऊन बसतो. घाबरू नकोस, विममध्ये नुसतं यू दाब, आधीचं परत येतं. पण आधी टर्मिनलमध्येच चालवून बघत जा ना, किती वेळा सांगायचं!

मला इथे इंदुरात सगळे म्हणायचे, भिया, एक्स्टेंशन डाल लो, झंझट खतम. नाही टाकलं, आणि बरंच केलं. अ‍ॅटम एडिटर १५ डिसेंबर २०२२ ला बंद झाला, त्याच्यासाठी लोकांनी लिहिलेली पॅकेजेस तिथेच राहिली, माझ्या स्क्रिप्ट मात्र एडिटर बदलले तरी चालताहेत. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉयने पाइपचा, म्हणजे एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याला देण्याचा, हट्ट धरला म्हणून १९७३ मध्ये युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमला पाइप मिळाले, मग मी माझा हट्ट का सोडू? खंत एवढीच की तुझ्या वयात मला हे कुणी सांगितलं नाही, कितीतरी दिवस नुसते शॉर्टकट पाठ करण्यात गेले.

आणि हो, रामबागेतले जुने सभासद असतील यादीत. पायथॉनची तारीख वाचायची सोय दोन आकडी ४८ ला २०४८ समजते, १९४८ नाही, ते आधी सांभाळ. स्क्रिप्ट झाली की पाठव, नमुन्याच्या चार वाकड्या ओळी पण जोड.