घोडेस्वारांची सांघिक कवायत: गुण कशाला द्यावेत?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची बरीच पत्रे आली आहेत. नागपूर परिसरातील काही अश्वारोहण शाळा मिळून येत्या हिवाळ्यात घोडेस्वार संघांच्या कवायतीची स्पर्धा भरवू पाहत आहेत आणि तिची नियमपत्रिका तयार होत आहे. ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे, तर आठ-दहा किंवा त्याहून अधिक स्वार संगीताच्या तालावर एकत्र घोडे चालवतात आणि मैदानावर रांगा, वर्तुळे, चक्रे व एकमेकांना छेदून जाणाऱ्या ओळी रचतात. रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलाची ३२ घोड्यांची ‘म्युझिकल राइड’ हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण आहे. आपल्याकडे १७७३ साली उभारलेले राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल आणि जयपूरचे ६१ कॅव्हलरी यांनी घोड्यावरच्या संचलनाची परंपरा आजही जपली आहे. हौशी संघांनी या वाटेने जावे ही आनंदाची गोष्ट आहे आणि म्हणूनच आलेल्या प्रश्नांची उत्तरे सविस्तर देत आहोत.

प्रश्न: आमच्या मसुद्यात १०० पैकी ३० गुण वेग आणि थरार यांसाठी ठेवले आहेत, कारण प्रेक्षकांना तेच आवडते. हे योग्य आहे का? नसल्यास गुणांची विभागणी कशी करावी?
(एका अश्वारोहण शाळेचे संचालक, हिंगणा मार्ग)

उत्तर: आमच्या मते हे ३० गुण मसुद्यातून पूर्णपणे काढून टाकावेत. ज्या गोष्टीला गुण असतात तीच गोष्ट संघ सरावात घोड्यांकडून करून घेतात, त्यामुळे घोड्याचे हित नियमपत्रिकेतल्या कळकळीच्या प्रस्तावनेपेक्षा गुणपत्रिकेच्या रकान्यांतच ठरत असते.

चक्राचे उदाहरण घ्या. चार घोडे खोगिराला खोगीर लावून एका ओळीत उभे आहेत आणि ती ओळ एका टोकाभोवती फिरते आहे. केंद्रापासून दोन मीटरवर असलेला आतला घोडा एका फेरीत साधारण साडेबारा मीटर चालतो, तर सहा मीटरवरचा बाहेरचा घोडा तेवढ्याच वेळात जवळजवळ अडतीस मीटर कापतो. म्हणजे रांग सरळ राखायची असेल तर बाहेरच्याला आतल्याच्या तिप्पट वेगाने जावे लागते. आतला घोडा नुसता चालत असला तरी बाहेरचा कँटरच्या, म्हणजे मध्यम दौडीच्या, उंबरठ्यावर असतो. लेझीमच्या फिरत्या रांगेतही बाहेरच्या टोकाचा मुलगाच सर्वांत जास्त धावतो, तसेच हे आहे. आता वेगाला गुण दिले, तर संघनायक आतल्या घोड्यालाही ट्रॉटवर, म्हणजे दुडक्या चालीवर, घेणार. मग बाहेरचा घोडा चौखूर उधळल्यासारखा पळणार, त्याचा स्वार लगामाला लटकणार आणि आतल्या घोड्याचे मागचे पाय जागच्या जागी वळताना पिळवटले जाणार. प्रेक्षक टाळ्या वाजवतील हे खरे, परंतु त्या टाळ्यांची किंमत गुडघे आणि घोटे मोजतात.

आम्ही सुचवतो ती विभागणी अशी. रांग आणि अंतर यांना ३५ गुण असावेत, आकृत्यांच्या अचूकतेला २५ आणि घोड्यांच्या सहजतेला २०. स्वारांची बैठक व हात यांना १५, तर पोशाख आणि साज यांना ५ गुण पुरेसे आहेत. घोड्यांची सहजता हा रकाना बहुतेक मसुद्यांत नसतो, पण आमचा सर्वाधिक आग्रह त्याच्यासाठीच आहे. कान सतत मागे पाडलेले असणे, शेपटीचे सारखे फटकारे, लगाम ओढला की तोंड उघडून मान वर फेकणे, ही चिन्हे परीक्षकाला दुरूनही दिसतात आणि त्यांचे गुण कापले जातात हे कळले की संघांचा सराव आपोआप बदलतो.

कठीण आकृतीला अधिक गुण देण्यास हरकत नाही, मात्र ती आकृती किमान समाधानकारक झाली तरच ते मिळावेत, असे एक वाक्य नियमात घालावे. दोन ओळी एकमेकींना छेदून जाताना एकही घोडा अडखळला नाही किंवा थांबला नाही, तर त्या छेदाचे अधिक गुण द्यावेत, अन्यथा साध्या आकृतीचेच द्यावेत. यामुळे नवखे संघ आपल्या कुवतीबाहेरच्या आकृत्यांचा मोह टाळतील.

परीक्षक तीन असावेत आणि ते वेगवेगळ्या ठिकाणी बसावेत. रांग सरळ आहे की नाही हे तिच्या टोकाशी बसलेल्यालाच नीट कळते, दोन घोड्यांमधले आडवे अंतर समोरून दिसते आणि संपूर्ण आकृती उंचावरून उलगडते. तिघांनाही एकाच मंडपात शेजारी शेजारी बसवले, तर तीन परीक्षक असून उपयोग एकाचाच होतो. मैदान ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या) स्पर्धेच्या प्रचलित मापाचे, म्हणजे २० बाय ६० मीटरचे ठेवावे आणि चार स्वारांच्या क्वाड्रिल गटाला २० बाय ४० मीटरही पुरते. सादरीकरणाला सहा ते आठ मिनिटांची मर्यादा असावी आणि त्यापुढच्या प्रत्येक दहा सेकंदांना एक गुण कापावा.

प्रश्न: सादरीकरण सुरू असताना एखादा स्वार पडला तर बाकीच्या संघाने पुढे चालू ठेवावे की थांबावे? आमच्या समितीत यावर दोन तट पडले आहेत.
(स्पर्धा समितीच्या सदस्या, सिव्हिल लाइन्स)

उत्तर: थांबावे, आणि यात कुठलाही अपवाद ठेवू नये. पुढे चालू ठेवावे असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद आम्हांला ठाऊक आहे: एकाच्या चुकीमुळे साऱ्या संघाची मेहनत वाया जाऊ नये. पण मैदानावर नेमके काय घडते ते पाहावे. स्वाराविना सुटलेला घोडा कळपाकडे धावतो, म्हणजेच इतर घोड्यांच्या रांगेत घुसतो. लोंबणाऱ्या रिकिबी त्याच्या बरगड्यांवर आपटत असतात आणि त्यामुळे तो आणखी बिथरतो. घोड्याला दोन्ही बाजूंचे पुष्कळ दिसते, परंतु कपाळासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. त्यामुळे मागून येऊन आदळणाऱ्या घोड्याला पुढचा घोडा न पाहताच लाथ मारतो. अशा वेळी खाली पडलेला स्वार त्या खुरांच्या मधोमध असतो.

म्हणून नियम असा असावा: स्वार पडताच मुख्य परीक्षकाने घंटा वाजवावी, संगीत बंद व्हावे आणि सर्व स्वारांनी जागच्या जागी थांबावे. मैदानात पळत शिरण्याचा अधिकार फक्त आधी नेमलेल्या दोन मोतद्दारांना (घोडे सांभाळणाऱ्यांना) आणि वैद्यकीय पथकाला असावा. पडलेल्या स्वाराने डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसू नये. मेहनत वाया जाऊ नये ही भावना रास्त आहे आणि तिच्यासाठी एक सवलत देता येते: थांबण्याआधी पूर्ण झालेल्या आकृत्यांचे गुण संघाला मिळावेत. समितीतील दोन्ही तटांना हे पटावे अशी आशा आहे.

तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) सैल होणे, रिकिबीचा पट्टा तुटणे यालाही हाच नियम लावावा, मात्र साज दुरुस्त करून संघाला एकदा पुन्हा सुरुवात करू द्यावी.

प्रश्न: माझी तेरा वर्षांची मुलगी संघात आहे. शिक्षक म्हणतात की सादरीकरणात फेटा शोभून दिसतो, हेल्मेट नको. मी काय करावे?
(एक आई, धरमपेठ)

उत्तर: हेल्मेट हवेच, ताई. फेटा हा डोक्याचा मान असला तरी पडताना तो डोके वाचवू शकत नाही. हनुवटीखाली पट्टा असलेले, घोडेस्वारीसाठीच बनवलेले हेल्मेट सर्व वयाच्या स्वारांना सक्तीचे असावे आणि सरावातही तोच नियम असावा, कारण सरावाचे तास स्पर्धेच्या तासांपेक्षा कितीतरी जास्त असतात. संघाला पारंपरिक रूप द्यायचेच असेल तर हेल्मेटवर रंगीत कापडी आवरण चढवता येते. बुटांकडेही लक्ष द्यावे. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. खेळाचे सपाट बूट घालून मुलीला घोड्यावर बसू देऊ नये.

प्रश्न: आमच्याकडे स्वतःचे घोडे नाहीत. वरातीच्या घोड्या भाड्याने घेऊन संघ उभा करता येईल का?
(महाविद्यालयीन विद्यार्थी, काटोल मार्ग)

उत्तर: या वर्षी करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. वरातीची घोडी बँड, दिवे आणि गर्दी यांना सरावलेली असते, हा तिचा मोठा गुण आहे. परंतु तिला कोणीतरी पुढे लगाम धरून चालवत असतो. पाठीवरच्या माणसाचे पाय आणि हात काय सांगतात हे ऐकण्याची सवय तिला सहसा लावलेलीच नसते. मोतद्दाराशिवाय तिला दुसऱ्या घोड्याच्या शेजारी, खोगिराला खोगीर लावून चालवायचे म्हणजे नव्याने शिक्षण देणे आले आणि त्याला महिने लागतात. लग्नसराईत रात्री काम आणि सकाळी कवायत असा दुहेरी भार तर तिच्यावर मुळीच नको.

त्यापेक्षा एखाद्या अश्वारोहण शाळेच्या घोड्यांवर चार जणांचा क्वाड्रिल संघ करावा. घोडे निवडताना रंगापेक्षा चालीची लांबी जुळते का ते पाहावे, कारण लांब पावलांचा आणि आखूड पावलांचा घोडा शेजारी असले की एकाला सतत आवरावे लागते आणि दुसऱ्याला सतत हाकावे लागते. लाथ मारण्याची सवय असलेल्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधण्याची जगभर प्रथा आहे. ती आपल्या नियमपत्रिकेत सक्तीची करावी आणि असा घोडा ओळीत सर्वांत शेवटी ठेवावा. कनिष्ठ गटात खच्ची न केलेल्या नर घोड्यांना प्रवेश देऊ नये. घोड्याचे वय किमान पाच वर्षे असावे. त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण होण्यास साडेपाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे सहा वर्षांची अट घातली तर अधिकच उत्तम.

प्रश्न: इतर रंगीत झेंड्यांबरोबर तिरंगा घेऊन कवायत करावी का?
(माजी छात्रसैनिक, वर्धा मार्ग)

उत्तर: कवायतीत साधे रंगीत झेंडे वापरावेत. तिरंगा केवळ प्रवेशाच्या संचलनात, साध्या चालीवर, सर्वांत अनुभवी स्वाराच्या हाती असावा. ध्वजसंहितेनुसार इतर झेंड्यांबरोबरच्या मिरवणुकीत राष्ट्रध्वज रांगेच्या उजव्या टोकाला किंवा रांगेच्या मध्यापुढे असतो, तो कोणापुढे झुकवला जात नाही आणि जमिनीला टेकू दिला जात नाही. कँटरवर वळताना काठी तिरपी होते आणि कापड घोड्याच्या पुठ्ठ्यावर फडफडते, अशा वेळी हे सारे पाळणे अनुभवी स्वारालाही अवघड जाते. कोणताही झेंडा हाती देण्याआधी घोड्याला त्याची सवय लावावी: प्रथम गुंडाळलेली काठी हुंगू द्यावी, मग उभ्या घोड्याच्या खांद्यावरून कापड हळूहळू फिरवावे, आणि वारा असलेल्या दिवशी हेच पुन्हा करावे.

प्रश्न: स्पर्धा केव्हा आणि कशा मैदानावर घ्यावी?
(एक वाचक, कामठी मार्ग)

उत्तर: डिसेंबर किंवा जानेवारीत, आणि सर्व फेऱ्या सकाळीच घ्याव्यात. मार्चनंतर नागपुरात हा विचारही करू नये. आपली काळी माती ओली असताना खूर रुतवते आणि सुकली की भेगाळते, म्हणून खाली दाबून बसवलेला मुरूम आणि वर पाच ते सात सेंटिमीटर वाळू असे मैदान करावे. गोल दाण्याच्या नदीच्या वाळूचा यापेक्षा जाड थर खुराखालून सरकतो आणि वळणावर घोडा घसरतो.

संगीत ध्वनिमुद्रितच असावे. साध्या चालीला चार, ट्रॉटला दोन आणि कँटरला तीन टापांचे ठोके असतात, त्यानुसार तुकडे निवडले की घोड्यांची पावले तालात दिसतात. मैदानालगत ढोल-ताशा नको, कारण त्याचा अचानक उठणारा कल्लोळ सरावात नसलेल्या घोड्याला सहन होत नाही.

प्रश्न: बाहेरगावच्या संघांकडून कोणती कागदपत्रे मागावीत? घोड्यांची तपासणी कोणी करावी?
(स्पर्धा समितीचे सचिव)

उत्तर: ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रक्ततपासणी अहवाल ही पहिली अट असावी. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि कायद्याने तो शासनाला कळवणे बंधनकारक आहे. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या रोगाच्या निदानाचे देशातले प्रमुख ठिकाण आहे. नमुने स्थानिक पशुवैद्यकामार्फत पाठवून अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून ही अट संघांना निदान दोन महिने आधी कळवावी. अहवालाशिवाय आलेला घोडा वाहनातून उतरवूच देऊ नये. धनुर्वाताची लस दिल्याची नोंदही पाहावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

तपासणीसाठी स्पर्धेच्या दिवशी पशुवैद्यक पूर्णवेळ हजर असावा आणि त्याचा निर्णय अंतिम असावा. विश्रांतीतल्या निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. सादरीकरणानंतर पंधरा मिनिटांनी नाडी पुन्हा मोजावी आणि ती ६० च्या खाली आली नसेल, तर त्या घोड्याला पुढच्या फेरीत उतरवू नये. बदली घोडा नसेल तर संघाने एक जोडी कमी करून कवायत करावी आणि त्यासाठी गुण कापू नयेत, म्हणजे थकलेला घोडा लपवण्याचा मोह कोणालाही होणार नाही.

शेवटी कायद्याची बाब. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २००१ साली प्रदर्शनातील प्राण्यांच्या नोंदणीचे नियम झाले आणि त्यांत अश्वकार्यक्रमांचाही समावेश आहे. विशेषतः तिकीट लावून प्रेक्षकांना प्रवेश देणार असाल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणीसाठी अर्ज करावा, घोड्यांच्या तंदुरुस्तीची प्रमाणपत्रे जोडावीत आणि अर्जाची पोच मिळेपर्यंत तिकिटे छापू नयेत.