औषध सगळ्या प्रकारांवर चालतं, मग प्रकार शोधायचे कशाला?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीला आहे. पंजाबातल्या रुग्णांमध्ये यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस सी विषाणूचे कोणते जनुकीय प्रकार आढळतात, यावर तिने कॉलेजात प्रकल्प केला. आता यातच संशोधन करायचं म्हणते. नवी औषधं सगळ्या प्रकारांवर चालतात म्हणे, मग यात भवितव्य काय? डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करून लगेच नोकरी धरलेली बरी नाही का? (एक पालक, नांदेड)

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. २०१८ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यापासून ही औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात, आणि बहुतेक रुग्णांना आधी प्रकार तपासावा लागत नाही. त्यामुळे नुसती ही तपासणी करण्यावर पोट भरेल, असं मी सांगणार नाही.

पण विषय संपलेला नाही. भारतात, विशेषतः उत्तरेत, प्रकार ३ जास्त आढळतो. त्यातला ३बी हा उपप्रकार काही औषधांना मुळातच कमी दाद देतो. यकृताचा सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) झालेला असेल तर जास्तच. आणि आठवा प्रकार सापडला तो २०१८ मध्ये, कॅनडात राहणाऱ्या मूळच्या पंजाबी रुग्णांमध्ये! हा विषाणू स्वतःची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करत नाही, म्हणून सतत बदलतो. मुलीने विषय बरा निवडलाय.

माझं मत विचाराल, तर तिने रोगापेक्षा हत्यार पक्कं करावं: सिक्वेन्सिंग (जनुकांतली अक्षरं क्रमाने वाचणं) आणि बायोइन्फर्मॅटिक्स (त्या माहितीचं संगणकावर विश्लेषण). ते डेंग्यूलाही चालतं, करोनालाही चाललं. एम.एस्सी.साठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची (एनआयव्ही) चौकशी करा. पुढे नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं भत्ता मिळतो. मात्र पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं धरून चाला. तेवढं थांबणं घराला परवडणार नसेल तर ते आजच मोकळेपणाने बोला. डीएमएलटीला कमी लेखू नका, पण ती वाट वेगळी आहे.

लॅबमध्ये संसर्ग होईल ही भीती असेल, तर हा विषाणू रक्तातून पसरतो, शिंकण्या-खोकण्यातून नाही. हिपॅटायटिस सी वर लस नाही. हिपॅटायटिस बी ची मात्र कामाला लागण्याआधी घ्यायलाच हवी.

सुट्टीत तिला एक काम द्या. जेनबँक या जनुकीय माहितीच्या ऑनलाइन संग्रहावर या विषाणूची सिक्वेन्सेस फुकट मिळतात. पंजाबची शंभरेक उतरवून ‘मेगा’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा वंशवृक्ष (कोणता विषाणू कोणाच्या जवळचा, हे दाखवणारी आकृती) काढू दे. पहिला नक्की चुकेल. दुसरा काढायला ती आपणहून बसते का, तेवढं बघा आणि मला कळवा.