५×४ बरोबर, ३×२ही बरोबर, मग संभाव्यता का चुकली?

ताई, तुमच्या मुलीचं गणित वाचलं. ३ मुलगे आणि २ मुली यांतून दोघांची समिती करायची. समितीत एक मुलगा आणि एक मुलगी असण्याची संभाव्यता किती? तिनं खाली ५×४ = २० घेतले, वर ३×२ = ६, आणि उत्तर काढलं ६/२०. बरोबर उत्तर ३/५. क्रम कधी धरायचा आणि कधी सोडायचा, याचा नियम तुम्ही विचारलाय.

मुलीला आधी सांगा की तिचे दोन्ही गुणाकार बरोबर आहेत. बिनसलंय ते एकाच ठिकाणी. एक मुलगा अ आणि एक मुलगी प धरा. खालच्या २० मध्ये तिनं 'आधी अ, मग प' आणि 'आधी प, मग अ' अशी ही जोडी दोनदा मोजली. वरच्या ६ मध्ये तीच जोडी एकदा मोजली. खाली क्रम धरला तर वरही धरायचा, म्हणजे १२/२०. खाली सोडला तर वरही सोडायचा, म्हणजे ६/१०. दोन्हीकडून ३/५ च येतं.

आमच्या सोप्यात बसणाऱ्या पेठेतल्या पोरांना मी हे फुटबॉलवरून विचारतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाच तालमींचे संघ एकमेकांशी एकेकदा खेळले तर मॅच किती? '२०' तोंडातून निघतं आणि पोरगं स्वतःच थांबतं, कारण या तालमीची त्या तालमीशी आणि त्या तालमीची या तालमीशी ही एकच मॅच. म्हणजे १०. मग विचारतो, याच पाचांत विजेता आणि उपविजेता कोण, याच्या शक्यता किती? आता २० बरोबर, कारण कोण पहिला आणि कोण दुसरा यावरून तर पेठेत रात्रभर वाद चालतो. जागांची अदलाबदल केल्यावर गोष्ट बदलते का, एवढंच पोरांनी स्वतःला विचारायचं.

पण इथं थांबू नका. फाशांपाशी हुशार मुलंही अडकतात. दोन फासे टाकले की 'क्रम सोडला तरी चालतं' म्हणून ती २१ जोड्या लिहितात: १-१, १-२, असं करत ६-६ पर्यंत. त्यातल्या बेरीज ७ च्या जोड्या ३, म्हणून उत्तर ३/२१. हे चूक आहे. मी सांगतो, एक फासा तांबडा समजा, एक पांढरा. (कोल्हापूरच्या पोराला ही जोडी दुसऱ्यांदा सांगावी लागत नाही.) तांबड्यावर ३, पांढऱ्यावर ४ ही एक निष्पत्ती, तांबड्यावर ४, पांढऱ्यावर ३ ही दुसरी. ३-३ मात्र एकाच रीतीनं येतं. म्हणजे २१ जोड्यांतल्या काही दोनदा येणाऱ्या आणि काही एकदाच येणाऱ्या. नमुना अवकाशात, म्हणजे सगळ्या शक्य निष्पत्तींच्या यादीत, ३६ निष्पत्ती, त्यांतल्या ६ मध्ये बेरीज ७, उत्तर १/६.

समितीत क्रम सोडला तरी निभावलं, कारण तिथं एक माणूस दोनदा निवडला जात नाही. प्रत्येक जोडी बरोबर दोन क्रमांतून येते, म्हणून दहाही जोड्या समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, राहतात. फाशात तसं नाही. अनुकूल निष्पत्तींना एकूण निष्पत्तींनी भागण्याचं सूत्र निष्पत्ती समसंभाव्य असल्या तरच लागू होतं; वर्गात हे वाक्य एकदा वाचलं जातं आणि मागे पडतं. गॅलिलिओपुढेही हाच प्रश्न आला होता. तीन फाशांत बेरीज ९ सहा प्रकारांनी होते आणि १० ही सहाच प्रकारांनी. मग खेळणाऱ्यांना १० जास्त वेळा का दिसते? त्यानं क्रमासकट मोजून दाखवलं: २१६ पैकी ९ च्या २५ निष्पत्ती, १० च्या २७. ३-३-३ एकदाच येतं, तर १० मधलं ३-३-४ तीनदा; फरक सगळा तिथलाच.

शून्याचंही सांगतो, पेपरात हमखास असतं. ०, १, २, ३, ४ हे अंक पुन्हा न घेता दोन अंकी संख्या किती? दशकस्थानी ० चालत नाही, म्हणून ४ पर्याय, एककस्थानी उरलेले ४, एकूण १६. त्यांतल्या सम किती? इथं सरळ गुणाकार करू देऊ नका. एककात ० असेल तर दशकाला ४ पर्याय, २ असेल तर ३, ४ असेल तरी ३. बेरीज १०, संभाव्यता १०/१६ म्हणजे ५/८. एका जागेवर काय बसलंय यावर दुसऱ्या जागेच्या पर्यायांची संख्या बदलत असेल, तर आधी वेगवेगळे गट पाडायचे आणि मग बेरीज करायची.

दहावीत आकडे लहान असतात, म्हणून महिनाभर तिला सूत्राशिवाय पूर्ण यादी लिहू द्या. ओळीनं, दशक १ च्या सगळ्या, मग २ च्या. वेळ जातो म्हणून ओरडू नका. आज रात्री हेच अंक पुन्हा घेता येतील असं धरून सम संख्या काढायला सांगा. यादीत एकूण २० आणि सम १२ यायला हव्यात. ११ आल्या तर कोणती सुटली हे तिलाच शोधू द्या.